नवीन नर्सचं भांडं

रविवार, रात्र

भांडं धुवून पालथं घातलंय. तरी झोप येत नाही.

झालं एवढंच. फॉल सपरची, म्हणजे इथल्या सुगीनंतरच्या गावजेवणाची, जेवणं उरकली, हॉलच्या लांब टेबलावर रिकामी भांडी गोळा झाली. टर्की, पेरोगी, भोपळ्याच्या पायची ताटं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. माझंच तेवढं बिननावाचं. कुणीतरी उचलून विचारलं, हे कुणाचं? स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "नवीन नर्सचं."

सहा वर्षं झाली मला. सहा हिवाळे पहाटे गाडीचं इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची वायर काढून कॅनडातल्या या ब्रॅन्डनहून निघतेय. बर्फाने हायवे बंद झाला तेव्हा दवाखान्यातच दोन रात्री काढल्या. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांचा रक्तदाब मला तोंडपाठ आहे. आणि मी नवीन!

जेवताना शेजारी एक आजोबा होते. मी केलेली उसळ त्यांनी दोनदा घेतली. पिवळा वाटाणा, याच भागातला. ते स्वतःही वाटाणा पेरतात. 2017च्या नोव्हेंबरात भारताने त्यावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, ते त्यांनी मला महिन्यासकट सांगितलं. मामा तेव्हा खूश होते, आता तुरीला भाव येईल म्हणून. ते मी बोलले नाही. पण परत येताना गाडीत सारखं तेच डोक्यात. यांना दिल्लीचा निर्णय लक्षात राहतो आणि माझं नाव राहत नाही.

नवीन म्हणजे किती दिवस? ब्रॅन्डन तरी असं किती जुनं? 1881मध्ये रेल्वे आली, 1882मध्ये त्याला शहर म्हणायला लागले. पश्चिमेला सू व्हॅलीत डकोटा लोक राहतात, इथले आदिवासी, त्यांच्यापुढे तो अख्खा हॉलच नवीन. हे मला तिथे सुचलं असतं तर... पण कुणाला म्हणणार होते? भांडं पुसून माझ्या हातात देणाऱ्या बाईला? तिने तर उरलेली अर्धी पायही बांधून दिली.

इथे रस्ता विचारला तर शेत विकून कधीच गेलेल्या माणसाच्या नावाने खूण सांगतात. त्या शेतात आता दुसरंच कुटुंब राहतं, तरी.

आजी आठवली. कारंज्याहून लग्न होऊन आली आणि साठ वर्षं गावाने तिला कारंजेवालीच म्हटलं. विहिरीवर, मळणीत, शेवटी तिच्या मयतीलाही. तिचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते सातबाऱ्यावर. तिला वाईट वाटायचं का, कधी विचारलंच नाही. एवढं मात्र आठवतं, की कुणाची सून अडली की मध्यरात्री दाराशी कंदील यायचा. "कारंजेवालीला उठवा." ती पदर खोचत निघायची, मागे वळून बघायचीसुद्धा नाही.

दवाखान्यात फोन येतात. "आज ती नवीन नर्स आहे का?" नसले तर म्हणतात, मग उद्या येतो. हे मला ठाऊक होतं की. सहा वर्षं तेच तर ऐकतेय.

उद्या चिकटपट्टी आणायची. तिच्यावर काय लिहायचं, ते अजून ठरत नाही.