आमची वाटचाल : वॉल्व्ह काढून फेकायचा नाही

लातुरात औसा रोडला दहा बाय बाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं गॅरेज सुरू झालं, तेव्हा गाडी गरम होते म्हटलं की इलाज ठरलेला असायचा. थर्मोस्टॅट वॉल्व्ह, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढायचा आणि फेकून द्यायचा. उस्तादांनी तसंच शिकवलेलं. उन्हाळ्यात पारा 42 च्या पुढं जातो, आपल्या मराठवाड्यात इंजिन तापवायला वॉल्व्ह कशाला हवा, हे मलाही पटायचं.

मग एका काळी-पिवळीवाल्याच्या जीपचा वॉल्व्ह मी काढला. आठच दिवसांनी मांजरसुंब्याच्या घाटातून त्याचा फोन : "भैया, गाडी उकळायलीय." हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलं होतं. त्या इंजिनात वॉल्व्ह उघडला की त्याची खालची चकती बायपासचं भोक बंद करते. वॉल्व्हच नसला की ते भोक उघडंच राहतं आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. सपाट रस्त्यावर कळत नाही, घाटात कळतं. हेड फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, नवं पॅकिंग टाकून ती जीप मी माझ्या खर्चानं उभी केली. त्या महिन्यात शेडचं भाडं थकलं. आमच्या धंद्याची सुरुवात मी तिथूनच धरतो.

तेव्हापासून एक पातेलं, एक शेगडी आणि एक थर्मामीटर गॅरेजात कायमचे आले. काढलेला वॉल्व्ह दोऱ्यानं पाण्यात सोडायचा आणि गिऱ्हाइकाला शेजारी उभं करायचं. अंगावर 82 लिहिलेलं असेल तर साधारण त्या अंशाला आतलं मेण फुगतं आणि चकती हळूच उचलते. पाणी उकळलं तरी हलली नाही, तर वॉल्व्ह जाम. मग दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही.

2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते वर्ष आम्हाला फार शिकवून गेलं. लोकांनी मिळेल ते बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं होतं. हाऊसिंग, म्हणजे वॉल्व्ह बसतो ते घर, खोललं की आत चुन्यासारखा पांढरा थर, आणि वॉल्व्ह त्यातच चिकटलेला. तेव्हापासून आमच्याकडं फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

पोरांना पहिला धडा याच कामाचा. कूलंट स्वच्छ टबात काढायचं, होजची क्लिप सैल करायची, पाईप पान्यानं उचकटायचा नाही, हातानं पिळून सोडवायचा. वॉल्व्हवरची छोटी पिन बसवताना वरच्या बाजूला आलीच पाहिजे, तिथूनच हवा निघते. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडायचं. हल्लीची हाऊसिंग प्लॅस्टिकची. बोल्ट जरा जास्त आवळला की चीर. हे हाताला कळायला पोराला वर्ष लागतं, आणि तेवढा वेळ आम्ही देतो.

हे काम थंड इंजिनावरच होतं. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच लावून जा.