75 मिमी रवाये, भाग 6 : कड्या बसल्या, पण रंग उलटे

मंडळी, कड्या बसल्या! नव्या वाचकांसाठी: फ्रेंच फुटबॉलपटू मारियुस रवायेची 75 मिमी उंच फिगर, म्हणजे छोटी मूर्ती, मी घडवून रंगवते आहे, आणि या कड्या तिच्या शर्टावरच्या खुणेच्या. गेले सात आठवडे ज्या दोन कड्यांनी मला छळलं, त्या परवा रात्री साडेअकराला शर्टावर गोल, स्वच्छ, एकमेकींत अडकलेल्या उमटल्या. मी घरातल्यांना उठवून दाखवल्या. आणि काल सकाळी चहा घेताना लक्षात आलं की लाल हवी तिथे निळी आहे आणि निळी हवी तिथे लाल.

मागच्या भागात शर्टाच्या बेसकोटवर, म्हणजे रंगाच्या पहिल्या थरावर, थांबलो होतो. हस्तिदंती रंगात चिमूटभर राखाडी, घड्यांत ग्लेझ (पातळ पारदर्शक थर), उंचवट्यांवर शेवटी पांढरा. त्यावर कुणाची हरकत आली नाही, चेहराही तुम्हाला आवडला. डोळ्यांवर मी चार संध्याकाळी घालवल्या होत्या, म्हणून ते वाचून फार बरं वाटलं. पोझ तीच ठेवली आहे: गोल करून मध्यरेषेकडे परतणारा मारियुस रवाये. 1 मे 1904, ब्रुसेल्सजवळचं उक्ल, फ्रान्सची पहिली आंतरराष्ट्रीय फुटबॉल मॅच, बेल्जियमविरुद्ध. सातव्या मिनिटाला केरितेने बेल्जियमला पुढे नेलं, बाराव्या मिनिटाला मेनिएने बरोबरी साधली आणि पुढच्याच मिनिटाला रवायेने दुसरा गोल मारला. पहिला गोल म्हणून मेनिएचं नाव सगळे घेतात. मला मात्र ते पुढचं एक मिनिट हवं होतं, ज्यात फ्रान्स आयुष्यात पहिल्यांदा आघाडीवर गेलं. पुढे बेल्जियम 3-2 ने पुढे गेलं, 87 व्या मिनिटाला सिप्रेने 3-3 केलं, आणि एव्हान्स कोपे यांनी ठेवलेला चषक कुणालाच मिळाला नाही. मैदानाभोवती दीडेक हजार माणसं होती. फिफा स्थापन व्हायला अजून वीस दिवस होते.

आता कड्या. तेव्हा फ्रान्सच्या शर्टावर आजच्यासारखं कोंबड्याचं चिन्ह नव्हतं आणि तो निळाही नव्हता. संघ यूएसएफएसए या क्रीडासंघटनेचा, म्हणून पांढऱ्या शर्टावर तिची खूण: एक लाल आणि एक निळी कडी, एकमेकींत गुंतलेल्या. आपली फिगर साधारण 1/24 प्रमाणातली. खरी कडी सात सेंटीमीटरची धरली तर इथे ती 3 मिमीची होते आणि रेघ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. त्यातून ती सपाट कागदावर नाही, छातीच्या गोलाईवर आणि दोन घड्यांवरून जाणारी.

ब्रशने हाताने काढून पाहिली. अकरा वेळा. प्रत्येक वेळी कडीचा बटाटा झाला. माझ्याकडचा नैसर्गिक केसांचा कोलिन्स्की ब्रश महाग पडला, पण टोक अजून सुईसारखं आहे. सिंथेटिक ब्रशचं टोक दोन आठवड्यांत आकड्यासारखं वळतं, अशा कामाला तो घेऊच नका. मग 0.05 चं ड्रॉइंग पेन वापरलं. रेघ सुरेख आली, पण वरून वार्निश लावताच शाई पसरली आणि अख्खा छातीचा भाग परत रंगवावा लागला. मग डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र. पांढऱ्या शर्टावर इंकजेटचे रंग चालतील असा हिशोब होता. डेकल पेपर ज्या दुकानातून मागवला त्याचं नाव घेत नाही. पाकिटावर ‘क्लिअर’ लिहिलं होतं, आतला कागद पिवळट निघाला, आणि तक्रारीला उत्तर आलं नाही. पेपर चांगला असता तरी घडीवर तो तंबूसारखा ताणला जाऊन खाली हवा राहत होती. डेकल मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचे तीन हात देऊनही चकाकी गेली नाही.

उपाय पुतण्याच्या कंपासपेटीत सापडला. साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक रिफिलची नळी! बाहेरून 3 मिमी, आतून 2, म्हणजे भिंत बरोबर अर्ध्या मिलिमीटरची. माझी कडी आधीच बनवून ठेवलेली होती, फक्त शिक्क्यासारखी वापरायची होती.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी नीट सांगते. संपलेली रिफिल घ्या आणि आत शाई राहू देऊ नका. नळी ब्लेडखाली गोल फिरवत कापा. वरून दाबून कापलीत तर तोंड लंबगोल होतं. कापलेलं तोंड 1000 नंबरच्या पॉलिशपेपरवर दोन-चारदा फिरवा. शर्टावर आधी ग्लॉस वार्निशचा एक हात हवाच. रंगात रिटार्डरचा (रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रवाचा) थेंब टाका, गुळगुळीत टाइलवर अगदी पातळ पसरा, नळी टेकवा, एक ठसा कागदावर घालवा आणि दुसरा शर्टावर. टेकवताना नळी छातीच्या गोलाईवरून किंचित डोलवायची, नाहीतर कडेचा भाग उमटत नाही. मी जुन्या फिगरच्या पाठीवर एकतीस ठसे मारले, मग हात बसला. घडीवर ठसा थोडा मोडतो, आणि तो तसाच मोडू द्यायचा, कारण कापडावर विणलेली किंवा शिवलेली कडीही तशीच मोडणार. आधी एक कडी, ती वाळल्यावर दुसरी, आणि मग दोन छेदांपैकी एकाच ठिकाणी खालच्या रंगाचा ठिपका वर आणायचा. त्या एका ठिपक्यासरशी दोन सुट्ट्या कड्या साखळी होतात. तो क्षण मला इतका आवडला की मी बराच वेळ भिंगातून नुसती बघत बसले.

आता चूक कुठे झाली ते. त्या काळच्या फोटोंमध्ये एक कडी गडद दिसते, दुसरी फिकी. गडद ती निळी आणि फिकी ती लाल असं मी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते. काल चहा घेताना त्याच दशकातल्या एका मिरवणुकीचा फोटो बघत होते. त्यात फ्रान्सचा तिरंगा आहे. काठीकडचा पट्टा निळा असतो हे आपल्याला पक्कं माहीत आहे. फोटोत तो पट्टा फिकट, जवळजवळ पांढऱ्यात मिसळलेला. आणि टोकाकडचा लाल? काळाकुट्ट. तेव्हा फोटो काचांवर घेत, आणि त्या काचांवरचा लेप निळ्या प्रकाशाला पटकन भुलायचा, लाल त्याला जवळपास दिसतच नव्हता. म्हणून निळं फिकं येतं आणि लाल काळं. म्हणजे गडद कडी लाल.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून कुणी रंग ठरवत असेल, तर आधी त्या काळचा एखादा झेंडा शोधा. मी आधी केलेल्या दोन फिगरींचे मोजेही आता मला संशयास्पद वाटायला लागले आहेत, ते पुन्हा तपासणार.

दुरुस्ती जमली, आणि ती रिटार्डरमुळे. रंग अजून पूर्ण कडक झाला नव्हता आणि खाली ग्लॉस होतं. त्यामुळे ओलसर इअरबड आणि लाकडी टूथपिकने निळा जवळजवळ सगळा निघाला. लालने गुलाबी डाग मागे ठेवला, त्यावर हस्तिदंतीचे दोन ग्लेझ. काल रात्री कड्या पुन्हा मारल्या, या वेळी बरोबर. मॅट वार्निश मात्र थांबवलं आहे. चिपळूणचा पाऊस सुरू झाला आहे, आणि या दमट हवेत स्प्रे मारला की पांढुरकी धुई धरते हे मी दोन वर्षांपूर्वी एक फिगर गमावून शिकले आहे.

आणि आता बेत बदलतोय. सगळं काम या एकाच फिगरवर थांबणार होतं. पण निळ्या-लालच्या नादात मी फ्रेंच लष्कराच्या कापडाबद्दल वाचत गेले. 1914 च्या ऑगस्टमध्ये त्यांचे पायदळी सैनिक लाल विजारींत लढायला गेले. त्याआधीच नवं कापड ठरलं होतं. निळे, पांढरे आणि लाल असे तिन्ही धागे मिसळून विणायचं, म्हणजे लांबून एक राखाडीसर छटा दिसेल. पण लाल रंगाला लागणारं कृत्रिम अ‍ॅलिझरिन जर्मनीतून यायचं. युद्ध सुरू झालं आणि लाल धागा गळाला. उरले निळे आणि पांढरे, आणि त्यातून झाला क्षितिजनिळा.

रवाये यूएस पारिझिएन या क्लबचा. 1904 ते 1908 या काळात तो फ्रान्सकडून 9 सामने खेळला. 1915 च्या नोव्हेंबरात, 34 व्या वर्षी, युद्धात त्याचा मृत्यू झाला. तोपर्यंत सैन्याच्या अंगावर हेच कापड आलं होतं. हे वाचल्यावर शर्टातला रवाये एकटा उभा करणं मला जमेना. म्हणून दुसरी फिगर: तोच माणूस, तशीच चाल, अंगावर क्षितिजनिळा ग्रेटकोट. नोव्हेंबरची थंडी आहे, तेव्हा गळ्याला विणलेला मफलर. डोक्यावर अ‍ॅड्रियन हेल्मेट, म्हणजे फ्रेंच सैनिकांचं पोलादी शिरस्त्राण. ही हेल्मेटं सुरुवातीला चकचकीत रंगवलेली होती आणि उन्हात चमकून जागा दाखवायची, म्हणून 1915 च्या शरदात त्यांवर कापडी खोळी आल्या. मी खोळच घालणार, सुरकुत्या काढायला मजा येईल.

कोटाचा रंग एका बाटलीतून घेणार नाही. मधल्या निळ्यावर फिका निळा, गडद निळा आणि पांढरा यांचे ठिपके स्पंजने मारून पाहते आहे. पहिला नमुना आकाशासारखा झाला, दुसरा बराच जवळ आला. सांगाडा इलेक्ट्रिशियनकडून आणलेल्या तांब्याच्या तारेचा, आतला भराव एम-सीलचा. भरावाला त्याच्याइतकं स्वस्त आणि दणकट मला काही सापडलेलं नाही. घड्या मात्र नेहमीच्या हिरव्या पुट्टीत (मूर्तिकामाच्या इपॉक्सी लांबीत).

गवताचा बेस रद्द. सुताराकडून सागवानाचे दोन सारखे ठोकळे मागवले आहेत, दोघे वेगवेगळ्या ठोकळ्यांवर, एकाच दिशेला चालताना. अडलंय ते हेल्मेटच्या माथ्यावरच्या कंगोऱ्यापाशी. खोळीखालून त्याचा उंचवटा दिसायला हवा, आणि 0.3 मिमीची प्लास्टिकपट्टी वाकवताना दोनदा मोडली. गरम पाण्यात बुडवून वाकवावी की सरळ पितळी पत्रा घ्यावा? कुणी केलं असेल तर रविवारच्या आत सांगा, रविवारी डोकं बसवायचं आहे.