घोटभर आणि घटकाभर

भाचीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. मे महिन्यातली दुपार, जेवणं आटोपलेली, पंख्याचा वारासुद्धा गरम. तिने घड्याळाकडे पाहिलं, बाटली उचलली, चार घोट घेतले आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"तहान लागली होती?" मी विचारलं.

"काय माहीत. ते सांगतं तेव्हा पिते मी, मावशी."

यावर काय बोलणार? आठ ग्लास झालेच पाहिजेत म्हणे. हा आठ ग्लासांचा हिशेब मला कधीच पटलेला नाही. अमेरिकेतल्या अन्न-पोषण मंडळाने १९४५ साली माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं सांगितलं होतं, आणि लगेच पुढे, यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं असंही. लोकांनी आधीचं पाठ केलं, पुढचं सोडून दिलं. आमटी-भात कालवून वर वाटीभर ताक ओरपणाऱ्या माणसाने आठ ग्लास वेगळे कुठे रिचवायचे?

बार्शीला आजोळी पाणी प्यायला आठवण लागायची नाही, परवानगी लागायची. उन्हातून धावत आलो की माठाकडे झेप, आणि आजीचा आवाज, "आधी टेक! घाम जिरू दे." मग हातावर गुळाचा खडा. तो चघळून संपेपर्यंत जीव नुसता माठाकडे लागलेला. माठ माजघराच्या कोपऱ्यात, वाळूच्या ढिगाऱ्यावर. त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, आत वाळ्याची जुडी. पाझरून वाळू कायम ओली असायची, म्हणून आजी त्यात मूठभर मेथी टाकायची. चार-आठ दिवसांत माठाच्या बुडाशी हिरवी झालर. ती उपटून आमटीत पडायची. पाणी पिताना भांडं तोंडाला लावलेलं चालत नसे, वरून धार धरायची. निम्मं पाणी गळ्यावरून फ्रॉकच्या आत. तो ओघळ पोटापर्यंत गेला की जे बरं वाटायचं, ते फ्रिजमधल्या बाटलीने आजवर कधी वाटलं नाही. (कोकणातल्या माझ्या मैत्रिणीला हे माठाचं कौतुक कळत नाही. तिचं बरोबर आहे. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाळतं तेव्हा आतली उष्णता घेऊन जातं, आणि तिच्याकडच्या दमट हवेत ते वाळणार कसं? बार्शीच्या कोरड्या उन्हात मात्र माठ अगदी मन लावून काम करतो.)

तहानेची एक गंमत आहे. रक्त शेकडा एक-दोन टक्क्यांनी दाट झालं की मेंदू पाणी मागायला लागतो. आपण घटाघट पितो आणि मिनिटभरात 'हुश्श' होतं. पण तेवढ्यात ते पाणी रक्तात पोचलेलंही नसतं! तोंड आणि घसाच अंदाज घेतात आणि पुरे म्हणून सांगतात. उधारीवरचं समाधान, पण सहसा बुडत नाही.

आजोबांची कथा वेगळी. त्यांचं दैवत पाणी नव्हे, वामकुक्षी. जेवण झालं की शतपावली, मग सोप्यावर चटई, डोक्याखाली लाकडी पाट, डावी कूस. पाच मिनिटांत घोरणं सुरू. कुणी हाक मारली की डोळे न उघडता उत्तर, "जागा आहे मी. नुसता पडलोय." जगात आजवर एकाही मराठी माणसाने दुपारी झोपल्याचं कबूल केलेलं नाही, सगळे नुसते पडलेले असतात. गालावर चटईचे वळ उमटलेले, तरी पडलेलेच.

पुण्यातल्या एक ते चार बंद दुकानांवरचे विनोद आता पुरे झाले असं माझं मत आहे. दुपारची ती गुंगी नुसती वरण-भाताची नाही. न जेवताही येते, शरीराच्या घड्याळातच त्या वेळी एक उतार आहे. शिवाय जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि डोळे जड व्हायला लागतात. आपण त्यावर चहा पितो. चहातलं कॅफिन करतं काय, तर एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तसं अडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. शीण तिथेच उभा असतो, त्याला बसायला मिळत नाही एवढंच. आणि पाच वाजता कॅफिन उतरलं की तो हक्काने येऊन बसतो. यापेक्षा दुकानाला कुलूप लावून वीस मिनिटं आडवा होणारा माणूस मला जास्त शहाणा वाटतो. चारपर्यंत जरा जास्त होतं, हे मान्य.

आजोबांचा या बाबतीत आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट आणि त्याचं 'अष्टांगहृदय' यांच्यावर भरवसा होता. उन्हाळ्यात दिवसा झोपावं असं त्यात आहेच, बाकीचे ऋतू आजोबांनी स्वतःच्या जबाबदारीवर घातले. त्याच 'अष्टांगहृदया'त चौथ्या अध्यायात न अडवण्याच्या तेरा वेगांची, म्हणजे शरीराच्या आपसूक येणाऱ्या मागण्यांची, यादी आहे. मल-मूत्र, शिंक, भूक, खोकला असे अपेक्षित सगळे आहेत, पण तहान, झोप, दमल्यावरची धाप, जांभई आणि चक्क अश्रूही आहेत. तहान मारली तर तोंडाला कोरड, अंग गळणं, चक्कर, आणि बहिरेपणासुद्धा. झोप मारली तर डोकं जड आणि अंग मोडून येणं. त्यावर उपाय काय? झोप, आणि कुणाकडून तरी अंग दाबून घेणं. हा भाग आजोबा नातवंडांना मुद्दाम मोठ्याने सांगायचे. मग आमच्यातलं एक जण पाय चेपायला बसायचं. पुढेच अडवावेत असेही वेग दिले आहेत, लोभ, मत्सर, द्वेष वगैरे. आपण बरोबर उलटं करतो. मीटिंगमध्ये जांभई दातांत दाबून डोळ्यांत पाणी आणतो, आणि शेजाऱ्याच्या नव्या गाडीबद्दल जे वाटतं ते बिनदिक्कत वाहू देतो.

शेवटी शेवटी आजोबांना तहान लागेनाशी झाली. म्हातारपणी तसं होतंच. शरीराला पाणी हवं असतं, पण मागण्याचा आवाज क्षीण होतो. ओठ सुकलेले, जीभ टाळ्याला चिकटतेय, आणि हे म्हणणार, "नकोय मला." आजी विचारण्याच्या भानगडीतच पडायची नाही. दर थोड्या वेळाने जाता जाता काहीतरी हातात द्यायची, कधी ताक, कधी भाताची पेज, कधी नुसती फोड कलिंगडाची. एखाद्याचं शरीर बोलेनासं झालं तर त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी ऐकावं लागतं. ती हे कुठे शिकली कोण जाणे. भाचीच्या घड्याळाबद्दल माझं मत त्यामुळे थोडं मवाळ आहे.

पण ऐकू येणं आणि ऐकता येणं यात फरक आहे, आणि तो मला आईमुळे कळला. आई बार्शीजवळच्या एका गावात शिक्षिका होती. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. शाळेत मुलांसाठी आड होता, मागे भिंत होती, पण बाईमाणसाने जावं अशी जागा नव्हती. आई सकाळी अर्धा कप चहा घ्यायची आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यावर पाणी मागायची. उभ्यानेच, दोन तांबे. कान सोडून वाग्भटाने सांगितलेलं सगळं तिला झालं होतं. उन्हाळी लागणं तर नेहमीचंच. रात्री भिजवलेल्या धण्याचं पाणी ओट्यावर झाकून ठेवलेलं असायचं, आणि ते कशासाठी हे आम्हा मुलांना कुणी सांगायचं नाही. तिला तहान कळत नव्हती असं कोण म्हणेल? वर्गात मुलांना दर तासाला "पाणी पिऊन या रे" म्हणणारी ती एकटीच होती म्हणे.

केरळातल्या शाळांत २०१९पासून पाण्याची घंटा वाजवायला सुरुवात झाली, मुलांनी पाणी प्यावं म्हणून. चांगलंच आहे. फक्त घंटा वाजल्यावर प्यायलेलं पाणी थोड्या वेळाने कुठे जायचं, याचीही सोय हवी. मुंबईत बायकांना ती मागायला २०११ साली 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, या नावाची मोहीम काढावी लागली. भाजीवाल्या, रस्ता झाडणाऱ्या, बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलीस बायका, सगळ्यांचं गणित आईचंच. मीसुद्धा लांबच्या प्रवासाला बाटली भरून घेते आणि शेवटचा तास येईपर्यंत तिचं झाकण उघडत नाही.

आईला निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. पुढच्या महिन्यात तिला तुळजापूरला न्यायचंय. पुण्याहून एसटीने नको, गाडी करू, वाटेत चांगल्या ठिकाणी थांबता येईल, असं मी म्हटलं. तर म्हणाली, "एवढा खर्च कशाला? मी आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाही ना."