मोरचूद, सतरा नंबरचा फॉर्म आणि मी

नववीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. द्राक्षबागेच्या घरात लग्न होऊन आले आणि सोळा वर्षांनी, मुलगी नववीत असताना, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले. मराठी, इतिहास, बीजगणितसुद्धा जमलं. अडले ती रेणुसूत्रांपाशी, म्हणजे रेणूत कोणते अणू किती ते लिहिण्यापाशी.

तिरकस गुणाकाराची रीत पाठ केली होती: याची संयुजा (जोडणीचा आकडा) त्याच्या पायाशी, त्याची याच्या पायाशी. त्या रीतीने मी कॅल्शिअम ऑक्साइडमध्ये दोघांच्याही पायाशी २ लिहिला. दोन्ही २ कटतात आणि नुसतं सीएओ उरतं हे ठाऊक नव्हतं, कारण ते २ कशाचे हेच मुळात कळलं नव्हतं.

मुलीने दुधाच्या हिशेबाची वही पुढ्यात ओढली. "आई, सोडिअमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन आहे, तो देऊन टाकतो. क्लोरीनकडे सात आहेत, आठ व्हायला एक कमी, तो घेतो. हिशेब फिटला." कॅल्शिअम दोन देतं, म्हणून क्लोरीन दोन लागतात. ॲल्युमिनिअम तीन देतं, ऑक्सिजन दोनच घेतो. मग सहावर फिटतं, दोन ॲल्युमिनिअम आणि तीन ऑक्सिजन. त्या रात्री मी वहीची चार पानं भरली.

सहसंयुज बंधात देणं-घेणं नाही, तिथे सामाईक मालकी. आमच्या बांधावरची विहीर दिरांच्या आणि आमच्या, दोन्ही सातबाऱ्यांवर लागलेली आहे. पाण्याच्या रेणूतली इलेक्ट्रॉनची जोडी तशीच, हायड्रोजनही आपली मोजतो, ऑक्सिजनही.

कंसाने मात्र फार छळलं. विरलेला चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, त्यात ओएच दोन. मी कंस न घालता २ लिहायचे, आणि तो फक्त हायड्रोजनला लागायचा. ओएच हे एक घर आहे, २ अख्ख्या घराला लागला पाहिजे, म्हणून कंस.

नावांचं गणित मला सगळ्यात आवडलं. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नाही, सल्फाइटमध्ये तीन, सल्फेटमध्ये चार. कार्बन मोनॉक्साइड, डायऑक्साइड म्हणतात, पण कॅल्शिअम डायक्लोराइड म्हणत नाहीत, कॅल्शिअम दरवेळी दोनच देतं, मग नावात वेगळं सांगायचं कशाला? तांबं कधी एक देतं, कधी दोन, म्हणून त्याला क्युप्रस आणि क्युप्रिक अशी दोन नावं.

आणि तिथेच मोरचूद भेटलं. द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी फवारायचं बोर्डो मिश्रण आम्ही वर्षानुवर्षं करतोय: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद या नावातून आत काय आहे ते कळत नाही. गोणीवर छापलेलं 'कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट' त्या वर्षी मी पहिल्यांदा नीट वाचलं. तांबं, एक गंधक, चार ऑक्सिजन, वर पाण्याचे पाच रेणू. रेणुवस्तुमान काढलं: २४९.५, त्यात पाणी ९०. किलोभर मोरचुदात ३६० ग्रॅम पाणीच! हातात घेतलं तर खडा ठणठणीत कोरडा. हे आकडे मी यजमानांना दोनदा करून दाखवले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षानळीत मोरचुदाचे चार निळे खडे घालून तापवले. आधी नळीच्या तोंडाशी दव धरलं, मग निळा रंग कडेकडेने उडत गेला आणि तळाशी पांढरी भुकटी उरली. नळी गार झाल्यावर बाईंनी ड्रॉपर माझ्या हाती दिला. पाण्याचा एक थेंब पडला तिथे भुकटी पुन्हा निळी झाली, आणि नळी बोटांना कोमट लागली. घरी येऊन मी मुलीला आधी तेच सांगितलं.