स्टिकर सांगतं एक, सीटपोस्ट सांगतो दुसरंच

जुनी स्टीलची रोड सायकल विकायला आली की मी स्टिकर वाचत बसत नाही. आधी सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडा, बाहेर काढतो. त्या दिवशी वादाला तोंड फुटलं ते त्यावरूनच.

सायकल देखणी होती. लाल रंग, लगच्या (नळ्यांचे सांधे) कडांना पांढरी रेघ, डाउनट्यूबवर (खालची तिरकी नळी) एका नामवंत इटालियन कारखान्याचं नाव. सीटट्यूबवर (सीटखालची उभी नळी) कोलंबस या नळ्या बनवणाऱ्या कंपनीचं कबुतर आणि त्याखाली ‘एसएल’, म्हणजे तिच्या हलक्या, पातळ नळ्यांची खूण. मालक साठीच्या पुढचे. कधीकाळी एका ओळखीच्याकडून घेतलेली, फार न चालवलेली. किंमत त्यांनी मनात पक्की करूनच आणली होती, आणि खऱ्या एसएल नळ्यांच्या इटालियन सायकलला ती शोभलीही असती.

पोस्ट सहज निघाला. ही मोठी गोष्ट. स्टीलच्या नळीत अल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं तसाच राहिला, त्यात घाम-पाणी मुरलं, की दोन धातू एकमेकांना असे धरतात की शेवटी करवत लावायची पाळी येते. इथे कुणीतरी ग्रीस लावण्याचा शहाणपणा केला होता. पोस्टवर व्यासाचा आकडा होता २६.४ मिलिमीटर. मोजायचा व्हर्निअरही तेच म्हणाला.

“काका, एसएलला २७.२चा पोस्ट लागतो.”

“बदलला असेल कुणीतरी.”

शंका रास्त होती. पण मोठ्या भोकात बारीक पोस्ट बसवला की बोल्ट आवळताना नळीच्या तोंडाशी पोस्ट धरणाऱ्या क्लॅम्पचे दोन्ही कान आत झुकतात. इथले कान समांतर होते. नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर. त्यातून २६.४ वजा केले आणि निम्मे केले, की नळीची जाडी जवळपास एक मिलिमीटर निघते. म्हणजे वरच्या टोकाला एसएलपेक्षा बरीच जाड, साधी नळी. बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो तो भाग) उघडला तर शेलची, म्हणजे फ्रेममधल्या त्याच्या आडव्या नळीची, रुंदी ६८ मिलिमीटर आणि उजव्या कपाला (बेअरिंगची वाटी) उलटे आटे. हे इंग्लिश माप. इटालियन असता तर ७० मिलिमीटर आणि दोन्हीकडे सरळ आटे. एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण बाहेर पाठवायच्या काही इटालियन फ्रेमना इंग्लिश आटेही पाडलेले असत. पण लगवर किंवा फोर्कच्या माथ्यावर कारखान्याची कोरीव खूण कुठेच नव्हती, आणि स्टिकर लॅकरच्या पारदर्शक थराखाली नसून वर होतं. नखाने कोपरा सुटला.

“म्हणजे मला फसवलं?”

“देणाऱ्यालाही माहीत नसेल. सायकल चांगली आहे. नाव तेवढं तिचं नाही.”

ते गप्प बसले. मी काम चालू ठेवलं, कारण अशा वेळी समजूत घालण्यापेक्षा तपासणी पुरी केलेली बरी. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) हेडट्यूबला (हँडलखालची नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणला. सीटट्यूबपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं. हेडट्यूबच्या मागे, टॉपट्यूब (वरची आडवी नळी) आणि डाउनट्यूबच्या पोटाकडून बोट फिरवलं. समोरून आदळलेली सायकल तिथे फुगवटा दाखवते, रंग कितीही नवा असो. फुगवटा नव्हता. निनावी पण सरळ फ्रेम होती ती, आणि ब्रेझिंग, म्हणजे सांध्यांचं डाखकाम, इतकं नीटस की करणाऱ्याला काम येत होतं हे कळावं.

मागचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणारा भाग, इटालियन कंपान्योलो कंपनीचा न्युवो रेकॉर्ड, पाठीवर ‘पेटंट ७८’, म्हणजे १९७८चा. हा मात्र शंभर टक्के अस्सल. क्रँक (पेडलचा दांडा) दुसऱ्या कारखान्याचा, त्याच सुमाराचा, आरशासारखा. तो पुसताना स्पायडरचा (पुढचं दातेरी चाक धरणारा पंजा) हात मुख्य दांड्याला मिळतो त्या बेचक्यात केसाएवढी काळी रेघ दिसली. ओरखडा पुसला की कोरडा राहतो. ही रेघ पुसली, थोडा वेळ थांबलो, तर पुन्हा काळी झिरपली. चीर. पेडलवर उभं राहून चढ चढताना असा क्रँक तुटला तर माणूस थेट टॉपट्यूबवर आदळतो.

दुपारी एक संग्राहक आले. डिरेलर हातात घेताच पाठ उलटून आकडा वाचला, हसले. त्यांना डिरेलर, क्रँक आणि ट्यूब्युलरची (रिमला चिकटवायच्या टायरची) चाकं हवी होती. फ्रेम नको. सायकल अशी सुटी करणं पाप आहे असं मानणारे खूप भेटतात, मी त्यातला नाही. पण जिचे सगळे भाग मूळ आहेत तिला हात लावत नाही. ही तर आधीच चार ठिकाणचं जमवून झालेली होती.

चीर दाखवली तर म्हणाले, “मला भिंतीवरच्या सायकलला लावायचाय, काय फरक पडतो?”

“भिंतीवरचं उद्या विकलं जातं. मागच्या बाजूला फुलीचा ठसा मारतो, मग न्या.”

त्यांना ते मुळीच आवडलं नाही. ठशाने वस्तूची किंमत पडते, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी, समोरून दिसणार नाही अशा जागी ठसा मारायला ते कबूल झाले. पावतीवरही ‘चालवण्यासाठी नाही’ असं लिहिलं. त्यांनी कापलेली रक्कम काकांना टोचली, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

फ्रेमला गिऱ्हाईक मिळालं ते संध्याकाळी. दीर्घ पल्ल्याची सायकल चालवणारी मुलगी. तिने नाव विचारलंच नाही, टेप काढून टॉपट्यूब मोजली, सीटट्यूबची उंची मध्यापासून मध्यापर्यंत घेतली, मग बसून पाहिलं. डिरेलर गेला याचं तिला दुःख नव्हतं. तो मागे २६ दातांपर्यंतच नीट चालतो, तिला घाटासाठी मोठा कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच, हवा होता. अडचण एकच, मागच्या दोन ड्रॉपआउटमधली रुंदी १२६ मिलिमीटर आणि तिचं चाक १३०चं.

“ताणता येईल?”

“स्टील आहे म्हणून येईल. अल्युमिनियम किंवा कार्बन असतं तर हातही लावला नसता.”

काकांनी तोवर दोन्ही स्टिकरं स्वतःच सोलून टाकली होती. सगळी मिळून रक्कम त्यांच्या मनातल्या आकड्यापेक्षा कमीच भरली. पण ती घेताना त्यांनी हुज्जत घातली नाही, उलट मुलीला चेनला तेल किती वेळाने घालायचं ते सांगत बसले, जे तिला आधीच ठाऊक होतं.

फ्रेम दुसऱ्या दिवशी ताणली. १३०वर थांबायचं तर त्याच्या बरंच पुढे खेचावं लागतं, सोडलं की स्टील मागे येतं. दोरा लावून पाहिलं तर एक बाजू दीड मिलिमीटर जास्त बाहेर गेली होती. तेवढी आत घेतली, ड्रॉपआउट समांतर केले आणि चाक बसवलं.