सोल्युशन धरत नाही

जुलैतली दुपार. चपलेचा तळवा पुढून सुटला आणि मगरीसारखा आ वासून माझ्याबरोबर चालायला लागला. कोपऱ्यावर छत्री बांधून बसणाऱ्या काकांना दाखवली. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि परत माझ्या हातात ठेवली. "ताई, ओली आहे. ओल्यावर सोल्युशन धरत नाही. सुकवून आणा."

जुलैत सुकवून आणा! ट्यूबवर छापलेली ती सूचनाही मला अशीच चिडवते, 'कोरड्या व स्वच्छ पृष्ठभागावर लावा' म्हणून. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कोरडं काय असतं, तर फक्त पाणी न आलेला नळ.

ओलीला न टिकणं हे आमच्या घराण्याचं जुनं दुखणं आहे. वेंगुर्ल्याची आजी पाकिटं भाताच्या शितांनी बंद करायची. शीत बोटाने चेचायचं, कडेवरून फिरवायचं आणि पाकीट तांदळाच्या डब्याखाली दडपून ठेवायचं. पावसाळ्यात ते पत्र आमच्याकडे पोचेपर्यंत पाकिटाने तोंड उघडलेलं असायचं. आई म्हणायची, सगळ्या पोस्टाला आपल्या घरची खबर असते, आपल्यालाच शेवटी कळते.

त्याच आजीच्या मागच्या पडवीत मे महिन्यात शिनाण्यांची पाटी यायची. समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या हिरव्या-काळ्या शिंपा, आणि प्रत्येकीच्या फटीतून बाहेर आलेला काथ्यासारखा तपकिरी झुपका. आम्ही त्याला शेंडी म्हणायचो. ती उपटायचं काम पोरांचं. मी जोर लावला की आजी ओरडायची, "सावकास गो, बोट कापशीत!" शेंडीतला एकेक धागा सुटा केला तर टोकाला मोहरीहून लहान, चपटी चकती दिसायची. कधी त्या चकत्यांना खडकाचा कपचा तसाच धरलेला. म्हणजे दगड फुटला होता, पण चिकटलेलं सुटलं नव्हतं.

चिकटवण्याच्या आड येतं ते पाण्याचं पातळ पापुद्रं. ते दगडावर आधीच बसलेलं असतं, त्यामुळे डिंक दगडाला भेटतच नाही. शिनाणं आपला जिभेसारखा पाय दगडावर दाबतं, त्याखालून आंबट रसातली प्रथिनं सोडतं, आणि काही मिनिटांत चकतीसकट एक धागा तयार. पाय उचलला की समुद्राचं खारं पाणी त्या रसाला घट्ट करतं. ज्या पाण्याने आमचं पाकीट उघडत होतं, तेच इथे कामाला जुंपलेलं. या प्रथिनांत डोपा नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, आणि दगडावरच्या पाण्याला बाजूला सारून ते त्याची जागा घेतं. हर्बर्ट वेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1981 च्या सुमारास शिनाण्यांच्या भाऊबंदांत हा डोपा असल्याचं दाखवून दिलं. पुढे अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्यातल्या काइचांग ली या शास्त्रज्ञाने समुद्रकाठी शिनाणे बघून सोयाबीनच्या प्रथिनापासून प्लायवूडचा गोंद केला. 2005 च्या आसपास तो कारखान्यात आला, आणि त्यात फॉर्मल्डिहाइड घालावं लागत नाही. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात त्यांना याची किंमत कळेल. चपलांपर्यंत मात्र अजून कोणी पोचलेलं दिसत नाही.

हे सगळं मी हौसेने वाचत गेले आणि डोपापाशी थबकले. हा शब्द मला ओळखीचा होता. आजीच्या गोळ्यांच्या पाकिटावर होता, लेव्होडोपा. दिवसातून तीनदा. तोच रेणू. आमच्या कुंपणावरच्या खाजकुइलीच्या बियांतही तोच असतो म्हणे, आणि तिच्या शेंगांना हात लावला म्हणून मी लहानपणी तासभर रडले होते.

कंपवात झाला तेव्हा आजी पंचाहत्तरीची होती. बशीतला चहा साडीवर सांडायचा, त्याचं तिला फार वाटायचं नाही. पण उंबरठ्यापाशी आली की ती थांबायची. पुढचं पाऊल उचलायचंच नाही. मागून पोरं, हातात ताट घेतलेली काकू, सगळी खोळंबून. "पाय चिकटलो गो माझो," असं म्हणायची, आणि आम्ही हसायचो. ती गोळी मेंदूत जाऊन तिचे पाय सोडवायची, चार तास, कधी तीन.

गोळी उतरली की आम्ही आजोबांची काठी उंबरठ्याच्या अलीकडे आडवी ठेवायचो. नुसतं चालता येत नसे, पण काठी ओलांडायची म्हटली की पाय बरोबर उचलला जायचा. पलीकडे गेल्यावर ती दाराला धरून सावकाश वळायची आणि सांगायची, "उचल ती आता, कोणतरी अडखळात."