गाणं कुठे गेलं, हे तुम्ही विचारलंत म्हणून

प्रत्येक खेळानंतर कुणीतरी विचारतंच: सिनेमावेड्या म्हाताऱ्यावरची फिल्म, आणि तिच्यात एक गाणं नाही? पडदासुद्धा दिसत नाही? मग दुसरं कुणीतरी माझ्या वतीनं उत्तर देतं, "तोच तर दिग्दर्शिकेचा संयम." मला या उत्तराचा जास्त त्रास होतो. संयम नव्हता. पैसे नव्हते.

जुनं गाणं वापरायचं तर ध्वनिमुद्रणाची परवानगी वेगळी, चाल आणि शब्दांची वेगळी, दृश्याची आणखी वेगळी. आमची अख्खी फिल्म तीन हजार पौंडांत बसवलेली. एका मुखड्यासाठी सांगितलेला आकडा त्याहून मोठा होता. "अहो, 'अलबेला' १९५१ चा सिनेमा, साठ वर्षं कधीच उलटली!" हेही ऐकून झालंय. भारतीय कायद्यात ती साठ वर्षं चित्रपटाला आणि ध्वनिमुद्रणाला लागू. चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. या गाण्याचे संगीतकार सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले. म्हणजे नुसत्या चालीसाठीच २०४२ सरेपर्यंत थांबायचं. माझ्या फिल्ममधल्या काकांनी ऐंशी ओलांडलीय.

लंडनच्या साउथॉलमधलं लिबर्टी, हिंदी सिनेमांचं थिएटर, व्हिडिओच्या लाटेत १९८२ मध्येच बंद पडलं, पुढे नाव बदलून उघडलं, पुन्हा मिटलं. छपरावरचे ड्रॅगन आम्ही बाहेरून टिपले. आतला प्रसंग एका भाड्याच्या हॉलमध्ये, दोन रांगा खुर्च्या मांडून केला. काकांच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड हवा म्हणून समोर टीव्ही ठेवून त्यावर नुसते रंग फिरवले. "फक्त समोर बघा, काका," एवढंच सांगितलं होतं.

कॅमेरा चालू असताना काका गायला लागले. बसल्या जागी खांदे भगवानदादांसारखे हलू लागले. आवाज फाटका, सूर पक्का. अंतऱ्याचे शब्द आठवेनात, तिथे गुणगुणले आणि बरोबर मुखड्यावर परत आले. माइक धरलेल्या पंजाबी पोरालाही ते गाणं येत होतं. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. कुणी "कट" म्हणालं नाही.

तो टेक फिल्ममध्ये नाही. गुणगुणलं तरी चाल सी. रामचंद्रांचीच. आता काका श्वास घेतात आणि दृश्य तुटतं.

"तशीच पाठवायची होतीस महोत्सवाला." नाही. अर्जावर सगळे हक्क घेतल्याची सही असते आणि ती मी करते. संगीतकाराच्या घरी पैसे जावेत, हेही मला मनापासून वाटतं. पण पहिल्या खेळाला इस्त्रीचा सूट घालून आलेले काका म्हणाले, "अगं, माझं गाणं कुठे गेलं?" मी हक्कांचं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी काय चोरलं त्यांचं? मी तर दर वेळी तिकीट काढलंय."

पूर्वी मी सांगत असे की पडदा दाखवला नाही म्हणूनच चेहरा दिसला. आज त्या पूर्वीच्या बाईशी, म्हणजे माझ्याशीच, भांडावंसं वाटतं. चेहरा दिसला खरा, पण तो कशानं उजळला ते कुणाला कळलं? तीही ऐकत नाही. म्हणते, गाणं असतं तर लोक काकांसाठी रडले असते की गाण्यासाठी? कधी ती बरोबर वाटते, कधी मी.

परवान्यासाठी पुन्हा लिहिलंय. या वेळी मूळ ध्वनिमुद्रण नको, दृश्य नको. फक्त काकांच्या आवाजातली चाल आणि शब्द. आकडा आला की सांगेन.